दत्ताराम मेस्त्रींचा कोयता

१२ जून

परवा कानस मारून ठेवलेली पात आज हातात घेतली तर तिच्यावर तांबूस पुरळ. खोबरेल चोळलं होतं, तरी. बाबा पडवीतल्या खुर्चीवरून म्हणाले, "खोबरेल डोक्याक लाव. पावसात लोखांडाक मुठेल लावूचा." कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, जे आम्ही पायांच्या भेगांना लावतो, ते मुठेल. तळहातावर घोळवून पातीवर चोळलं की मेणासारखं बसतं, पाणी वरून घरंगळून जातं. हे त्यांनी मला आधी का सांगितलं नाही? विचारलं तर म्हणाले, "तू खंय इचारलंस?"

बाबांच्या उजव्या हातावरून वारं गेलं तेव्हापासून ऐरणीवर मी आहे. ओमकार, माझा धाकटा भाऊ, नांदगावच्या तिठ्यावर गाळा घेऊन बसतो. मी पाती घडवून, धारेला पाणी देऊन पाठवते. तो मुठी बसवतो, फोनवर ऑर्डरी घेतो, कुरियर करतो. 'दत्ताराम मेस्त्रींचा कोयता' हे नाव त्याचंच. डोंगर चढणारे, बागायतदार, जंगलात कॅम्प चालवणारे असे लांबलांबचे लोक घेतात.

बाबांचा ठसा, अर्धा चंद्र आणि खाली 'द', ओमकार मागच्या महिन्यात घेऊन गेला. झिजला होता म्हणे, नवा करून आणतो. मला तो झिजलेला वाटला नव्हता. पण बाबांनीच पेटीतून काढून दिला. आता ठसा तिकडेच मशीनवर मारणार. गार पातीवर बसतो का, विचारलं. "ताई, आता सगळा बसता," म्हणाला.

१९ जून

शिफा आली होती! कॉलेज सुटल्यावर पहिल्यांदाच इतका वेळ बसलो. ती देवगडची, आता झाडांचा अभ्यास करते. दोडामार्गकडच्या जंगलात सबंध पावसाळा राहायचं आहे, सोबत तिघंजण आहेत. तिला कोयते हवेत.

म्हणाली, "गंजणार नाही असा दे."

मी म्हटलं, "तसा हवा तर बाजारातून चकचकीत आण. कधी गंजणार नाही. पण दोन दिवस वेली तोडल्यास की धार जाईल, आणि ती दगडावर परत येणार नाही. माझा गंजेल. रोज पुसावा लागेल. पण नदीतला कुठलाही गोटा घेऊन बसलीस तरी धार लागेल."

मग तिला एकेक हातात देऊन बघितलं. जड कोयता तिच्या मनगटाला पेलत नव्हता आणि ती लाजेने कबूल करत नव्हती. मी तिला घरापुढच्या खळ्यातल्या केळीवर मारायला लावला. तीन घावांत हात खाली आला. मग हलका, टोकाशी थोडा वाकलेला दिला. तो फिरवताना तिचा चेहरा बदलला. हत्यार असंच निवडायचं. मोठं आणि भीतीदायक दिसतं म्हणून घेतात लोक, आणि दुपारी दमलेल्या हाताने स्वतःचाच गुडघा फोडतात.

चामड्याचं म्यान तिच्याकडे होतं, महागाचं. ते घरी ठेव म्हटलं. चामडं ओल धरून ठेवतं, रात्रभर पात त्यात राहिली की सकाळी लाल. पांगाऱ्याचं लाकडी म्यान करीन, तळाला भोक पाडून, म्हणजे पाणी निथळेल.

सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "तू घडवणार ना, स्वप्ना? तूच?"

"मग कोण?" मी म्हटलं. बाबा आत उठून गेले. त्यांना हल्ली माणसं फार वेळ सोसत नाहीत.

२४ जून

ओमकारचं म्हणणं, शिफाची ऑर्डर गाळ्यावरूनच जायला हवी. तिच्या संस्थेला बिल लागतं, मशीनचा ठसा लागतो. बरोबरच आहे. मला वाटलं होतं स्वतः देवगडला नेऊन द्यावेत. आईस्क्रीम खाल्लं असतं दोघींनी. असो.

३ जुलै

चार पाती झाल्या. चौथीला पाणी देताना जो आवाज आला तो लिहून ठेवता येत नाही. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा कापून, तापवून, ठोकून आणायचा. धारेकडचा भाग लालभडक झाला की तेवढाच पाण्यात. मग बाहेर काढून रंग परतण्याची वाट बघायची. वाळल्या गवतासारखा पिवळा उतरला की थांबायचं. जास्त कडक ठेवली तर बांबूवर धारेची कपरी उडून जाते, आणि जंगलात ती दुरुस्त कोण करणार? मुठीत जाणारं शेपूट मी लांब ठेवलं, मुठीच्या पार जाऊन मागे वळवता येईल एवढं.

बाबांना दाखवल्या. त्यांनी अंगठ्याने धार बघितली, बराच वेळ पात हातात धरून बसले. मग म्हणाले, "बरी आसा." एवढंच. पण माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. डोळे भरले असावेत.

मुठेल चोळून, कापडात गुंडाळून चारही पाती म्यानांसकट रिक्षाने नांदगावला पाठवल्या.

२२ जुलै

ओमकारने गिऱ्हाइकाचा निरोप पुढे पाठवला. कोणी पुण्याचे गृहस्थ आंबोलीला राहून आले. लिहितात: 'पंधरा दिवस पावसात होतो, एकदाही तेल लावलं नाही, एक डाग नाही! दत्ताराम मेस्त्रींना दंडवत.'

मी तीनदा वाचलं. एकदाही तेल न लावता? मला वाटतं मुठेलाची करामत. मी पाठवताना इतकं रगडून लावते की लोखंडाने पिऊन घेतलं असणार. बाबांना वाचून दाखवलं. "जेव गो आता," म्हणाले.

शिफाचाही मेसेज आहे, जंगलात जाण्याआधीचा: 'मिळाले. काय सुंदर फिनिशिंग! आरशासारखे. म्यान मात्र कापडी आलंय?' ओमकारला विचारलं. लाकडी म्यानं पावसाने फुगून तडकली म्हणाला, म्हणून कापडी दिली, आणि पॉलिशचं नवं मशीन घेतलंय. पांगारा तडकत नाही सहसा. ओला राहिला असेल माझ्याकडून.

२७ ऑगस्ट, चतुर्थी

घरात गणपती. ओमकार कालच आला. त्याचं लग्न ठरतंय, मुलगी कुडाळची, सलोनी नाव. फोटो दाखवला, गोड आहे. बाबा किती दिवसांनी हसले.

जेवणानंतर त्याने फोनवर आपलं पान दाखवलं. वर बाबांचा फोटो, हातात घण, मागे जाळ. फार जुना, आजारपणाच्या आधीचा. खाली लिहिलंय, 'प्रत्येक कोयता दत्ताराम मेस्त्रींच्या हातचा.'

मी म्हटलं, "ओमकार, माझो एक तरी फोटो घाल."

"घालूया गो ताई. लोकांका आधी नावाची सवय होऊंदे."

"गाळ्यावर येतंय मी एक दिवस. पॉलिशचा मशीन बघूक होया."

ओमकारने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "सणासुदीचा कामाचा काढू नकात. आरतीची तयारी करा." बरोबर आहे, मीच नको तेव्हा विषय काढते. गाळ्यात पाणी शिरतं, बसायला जागा नाही, पाऊस गेल्यावर नेतो, असं ओमकार म्हणाला.

६ सप्टेंबर

ओमकारकडे मोठी ऑर्डर आहे. माझ्याच्याने इतक्या पाती होणं शक्य नाही, सांगितलं. "तुका जमतत तितक्यो कर, बाकीचा माझा मी बघतंय," म्हणाला. बाकीचं म्हणजे काय बघणार? तो तर घण उचलत नाही. बहुधा गिऱ्हाइकाला थांबवणार. माझ्यावर ताण येऊ देत नाही, हा त्याचा गुण आहे.

१७ सप्टेंबर



शिफाचा मोठा भाऊ शाहीद दुपारी आला. बसला नाही. खळ्यात उभा राहूनच रुमालातून एक पात आणि एक मूठ काढून पडवीच्या कट्ट्यावर ठेवली, वेगवेगळी.

जंगलात वेल तोडताना पात मुठीतून सुटली, उलटी फिरून शिफाच्या डाव्या तळहातात गेली. आत शीर तुटली. तिला गोव्याला नेलं, ऑपरेशन झालं. दोन बोटं मिटत नाहीत. मिटतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

शाहीद म्हणाला, "ती अजून सांगतेय, कोयता स्वप्नाने केलाय, मीच नीट धरला नसेल. मला फक्त विचारायचंय, तुम्ही मैत्रिणीला असली वस्तू कशी दिलीत?"

मी पात उचलली. आरशासारखी. कुठे घणाचा एक ठोका नाही, पाठीवर जाडी उतरत नाही, पत्र्यातून कापून काढलेली. मुठीत शिरणारं शेपूट बोटाच्या पेराएवढं, तेही दुसऱ्या हलक्या लोखंडाचं, झाळून जोडलेलं. पात चकाकत होती आणि मुठीच्या आत जोड गंजून भुगा झाला होता. वरून कोणाला दिसणार?

आणि पातीवर बाबांचा चंद्र. खाली 'द'.

"हा माझा नाही," मी म्हटलं.

"नाव तुमचंच आहे," शाहीद म्हणाला. तो चूक बोलला नाही. तुकडे ठेवून गेला.

बाबा खुर्चीत होते. सगळं ऐकलं त्यांनी. मी म्हटलं, "बाबा, कोणीतरी तुमचो ठसो चोरल्यान. खोटे कोयते करता कोणतरी." बाबांनी पाणी मागितलं.

१८ सप्टेंबर

ओमकारला सकाळपासून सांगतेय, पोलिसात जा, कोणीतरी आपल्या नावावर नकली माल विकतंय. कुरियरवाल्याने मधेच बदलले असतील. तो म्हणतो, "मी बघतंय. तू खंय जाव नको, कोणाशी बोलू नको." चार वेळा हेच. त्याला माझी काळजी. पण शिफाच्या हाताचं काय? मला घरात बसवत नाही. उद्या न सांगता नांदगावला जाते, आमच्या बाजूची कागदपत्रं गोळा करू दोघं.

१९ सप्टेंबर

गेले.

गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. पाणीबिणी कुठे शिरलेलं नव्हतं. आत खोके रचलेले, कुठल्या तरी उत्तरेकडच्या कारखान्याचे, आणि एका उघड्या खोक्यात कोयते, आरशासारखे, एकावर एक, जसे हॉटेलात चमचे. टेबलावर बाबांचा ठसा. नवा नाही, तोच. शेजारी एक छोटं मशीन.

ओमकार मला बघून उभा राहिला. मी एवढंच विचारलं, "माझे खंय आसत?"

मीच शोधले. मागच्या मोरीजवळ गोणीत होते. सगळे. पावसाळ्याआधीपासूनचे. गोण भिंतीच्या ओलीला टेकलेली. मी हात घातला तर एक वर येईना, गंजून एकमेकांना चिकटले होते. शिफासाठी केलेल्या चार पाती कापडातच होत्या, कापड काढलेलंसुद्धा नव्हतं. पांगाऱ्याची म्यानं बाजूला, एकही तडकलेली नाही.

"ताई, तुझे परत येय होते," तो म्हणाला. "लोक म्हणत, गंजलेलो माल पाठवलास. तेंका पुसूक नको, तेल लावूक नको. चकचकीत होया. मी काय करतलंय?"

"माका सांगूचा होता. मी दुसऱ्या तऱ्हेन केले असते. मी लिहून दिला असता कसो ठेवूचो तो."

"बाबा म्हणाले सांगू नको."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. परत विचारलं. तो परत तेच म्हणाला आणि रडायला लागला. लहानपणी रडायचा तसा, मनगटाने नाक पुसत. मी त्याला उगी केलं नाही. गोण उचलली, रिक्षात घातली.

२० सप्टेंबर

बाबांसमोर गोण ओतली. खळ्यात गंजाची धूळ उडाली.

"तुमका ठावक होता?"

म्हणाले, "होता."

"कधीपासून?"

"आधीपासून. बाय, तुझो हात बरो आसा. पण बाईमाणसाच्या हातचो कोयतो म्हटल्यार कोण घेतलो? ओमकाराचो धंदो उभो रवाक होयो होतो. आणि तुझो जीव रमा होतो भट्टीवर. म्हटला, रमूंदे."

रमूंदे.

माझी पाठ मोडली, पापण्या जळाल्या, दोन स्थळं परत गेली कारण मुलीच्या हातांना घट्टे आहेत. आणि हे दोघं मला खेळायला दिलं होतं असं समजत होते. त्या दिवशी पात हातात घेऊन बसले होते, माझ्याकडे बघत नव्हते, तेव्हा मला वाटलं होतं डोळे भरले.

मी काही बोलायच्या आत पुढचं आलं. किती शांतपणे बोलले!

"शाहीदाक सांग, तो कोयतो तुझोच. पाणी देताना चुकला म्हणान सांग. शिफा तुझी मैतरीण, ती तुका कायएक करूची नाय. ओमकाराचा लगीन ठरता हा. तेचा नाव खराब झाला तर सगळा गेला."

"आणि माझा नाव?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खरोखर कळलं नाही त्यांना. "तुझा नाव खंय आसा तेच्यावर?" म्हणाले.

२१ सप्टेंबर

काही नाही. भट्टी थंड. जेवले नाही.

२३ सप्टेंबर

देवगडला गेले. शिफा माडीवरच्या खोलीत, हात उशीवर, पट्ट्यात बांधलेला. शाहीद दारात उभा. मी बसले नाही, आधी सगळं सांगितलं. गाळा, खोके, गोण. ओमकारचं नाव घेताना जीभ अडली, पण घेतलं. बाबांनी काय सांगायला पाठवलंय तेही सांगितलं.

शाहीद खाली मान घालून ऐकत होता. म्हणाला, "मी तक्रार करणार आहे. तुमचा भाऊ असला तरी."

"मी साक्ष देईन," मी म्हटलं.

शिफाने बांधलेला हात उशीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "मला पहिल्याच आठवड्यात संशय आला होता. धार गेली ती येईचना. तू म्हणाली होतीस गोट्यावर येईल. मी गोटे बदलत राहिले. मला वाटलं, मलाच जमत नाही."

मग म्हणाली, "मी तुझ्याकडे मागितला होता, स्वप्ना. भावाकडे नाही."

निघताना मी तिच्या उजव्या हाताला हात लावला. तिने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. जिन्यावर शाहीदने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. बसमध्ये बसल्यावर कळलं की येताना एक शब्द आईस्क्रीमबद्दल बोलायचं मनात होतं. कसली मूर्ख मी.

२९ सप्टेंबर

पोलीस नांदगावला जाऊन आले. खोके नेले. ओमकारने पान बंद केलं. कुडाळच्या लोकांचा फोन, 'सध्या थांबूया.' ओमकार मला फोन करत नाही. बाबा माझ्या हातचं जेवतात, बोलत नाहीत. माझ्या मनात एकदा येऊन गेलं की गप्प बसले असते तर. मग शिफाची बोटं आठवली. तरी येऊन गेलं हे खरं.

८ ऑक्टोबर

ओमकार बाबांना न्यायला आला. नांदगावला खोली घेतलीय. बाबांची बॅग मीच भरली, गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, चष्म्याची पेटी.

रिक्षात बसताना बाबा म्हणाले, "सख्ख्या भावाक पोलिसात दिलंस."

मी म्हटलं, "तुमी सख्ख्या चेडवाक गोणीत घातलास."

ओमकार समोर बघत होता. रिक्षा वळणावर गेली तेव्हा बाबांनी मागे वळून बघितलं का, ते मला दिसलं नाही. मी आधीच आत गेले होते.

गोणीतल्या पाती रॉकेलमध्ये भिजत घातल्या आहेत. काही सुटतील. काहींना गंजाने आतपर्यंत खड्डे पाडलेत, त्या पुन्हा तापवून दुसरं काही करावं लागेल.

१५ ऑक्टोबर

कापणी सुरू झाली. सकाळी दगडी गडग्यापलीकडून हाक आली, "दत्ताराम मेस्त्री आसत काय?"

पलीकडच्या वाडीतली राधाबाई. हातात भात कापायच्या दोन कोयत्या, धार गेलेल्या. उद्यापासून तिच्या कुणग्यात, भाताच्या शेतात, माणसं येणार.

"बाबा नांदगावाक गेले, काकी. दी हंय, मी धार लावन देतंय."

तिने कोयत्या दिल्या आणि उंबऱ्याशी बसली. मी भट्टी पेटवली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. एका कोयतीचं टोक वाकलं होतं, ते तापवून सरळ करावं लागणार होतं. मी घण घेतला तशी ती म्हणाली, "बरा झाला, आता उघड मारतंस ता."

मी थांबले. "म्हंजे?"

"म्हंजे काय? चार वर्सा तूच लावतंस नाय आमच्यो कोयत्यो? दत्तारामाचो घण जड पडा होतो, तुझो भरभर पडता. घरात बसान ऐकाक येता गो. आख्ख्या वाडीक ठावक आसा."

"मगे माका कोणी कधी काय बोलूक नाय तां?"

राधाबाईने पदराने तोंड पुसलं. "दत्ताराम म्हणालो, पोरगी ऐरणीर आसा ता बोलू नकात, तिचा लगीन होवचा नाय. आमी म्हटला, बापूस सांगता."

लोखंड गार होत चाललं होतं. मी परत जाळात घातलं, कारण दुसरं काय करणार होते? धूर डोळ्यांत जात होता म्हणून पाणी येतंय असं तिला वाटलं असेल. वाटू दे. टोक सरळ केलं, पाणी दिलं, रंग उतरेपर्यंत थांबले. मग दोन्ही कोयत्या दगडावर घेतल्या. घाई केली नाही.

तिने पैसे पुढे केले, मी घेतले. जाताना ती खळ्यात घुटमळली. गडग्यापाशी पोचल्यावर मी हाक मारली.

"काकी."

ती वळली.

"फुडल्या टायमाक इलंस काय माझ्या नावान हाक मार. आणि मोठ्यान मार."

ती बघत राहिली. मग मान हलवून गेली. मी परत आत आले. जाळ अजून चांगला होता, तर गोणीतली एक पात घेतली.